अर्धा रिकामा पेनड्राइव्ह

सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, लॅपटॉप दहा वर्षांचा. रोज सुरू झाला की पडद्यावर सूचना यायची: नव्या सिस्टिमसाठी हा संगणक पात्र नाही. "पात्रता ठरवणारा हा कोण टिकोजीराव?" बाबा चिडायचे. याच लॅपटॉपवर ते चार वर्षं एका बोटानं आत्मचरित्र टाइप करत होते. तीनशे पानं झाली होती आणि त्यात त्यांना अजून नोकरी लागायची होती.

बुधवार पेठेतल्या संगणकाच्या दुकानदारानं लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. "नवीन घ्या."

"अहो, चालतोय की व्यवस्थित!"

"चालते तर माझी स्कूटरही. विमानतळावर नेऊ का उडवायला?"

माझं डोकंच सणकलं. घरी येऊन व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, पात्र असो वा नसो, नवी सिस्टिम मीच घालणार. नवरा म्हणाला, "नसते उपद्व्याप करू नकोस." मग तर करणं भागच होतं.

आधी बाबांचं आत्मचरित्र पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तेवढी अक्कल होती. मग कळलं, सिस्टिम भरायलाही पेनड्राइव्ह लागतो. हा तर अर्ध्याहून जास्त रिकामा! डब्यात जागा असताना दुसरा डबा काढला तर आमच्या घरात बोलणी खावी लागतात. तोच लावला.

संगणक विचारत सुटला. हे यंत्र जुनं आहे, तरी पुढे जायचं? हो. काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. बरं. यावरचं सगळं पुसलं जाईल. अरे हो रे बाबा, किती घाबरवशील! मी धडाधड हो म्हणत गेले.

दुपारी लॅपटॉप नव्या सिस्टिमवर झकास सुरू झाला. मी नवऱ्यापुढे मनसोक्त मिरवून घेतलं. मग आत्मचरित्र परत ठेवायला पेनड्राइव्ह उघडला, तर त्यात नुसती सिस्टिम. ते 'यावरचं सगळं' म्हणजे पेनड्राइव्हवरचं होतं! लॅपटॉपवरचंही मीच पुसलेलं. 

बाबांना सगळं सांगून टाकलं.  ते म्हणाले, "तू किती वाचलं होतंस?"

"एक पानही नाही, बाबा." इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"आणि ह्यानं?"

नवरा फरशीकडे बघू लागला.

"चला, म्हणजे वाचकांचं काही नुकसान नाही."

मला रडूच फुटलं. बाबांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"रडू नकोस. मी सांगतो, तू टाइप कर. म्हणजे निदान एकजण तरी वाचेल."