रशीदच्या तिजोरीचा राखणदार

सन दोन हजार चोवीस, वैशाख महिना. त्या वैशाखात मी जे करून बसलो ते दोन घरांच्या बाहेर गेलेलं नाही. तुम्ही चहा मागवलाय म्हणून सांगतो. मध्ये हसायचं नाही. शेवटी काय ते हसा.

माझं शिक्षण चौथी. धंदा तिजोऱ्या दुरुस्त करण्याचा. सोलापुरात कुणाच्या तिजोरीची किल्ली हरवली की माणूस साखर पेठेत माझ्याकडे यायचा. तिजोरी न्यायची-आणायची ती रशीदच्या टेम्पोतून. आम्ही दोघांनी जन्मभर लोकांचं लोखंड उचललं.

रशीदची पोरगी नसीम कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. तिच्या फीसाठी मी माझं लेथ मशीन विकलं होतं. रशीद दर ईदला शिरखुर्म्याचा डबा आणि पैशाचं पाकीट घेऊन यायचा. डबा मी ठेवून घ्यायचो. पाकीट त्याच्या खिशात परत कोंबायचो.

"कवा घेणार तू?"

"बघू."

"मी मेल्यावर?"

"बघू म्हटलं न्हवं?"

पुढे नसीमही तिजोऱ्या बनवायला लागली. लोखंडाच्या नाहीत. हल्ली ते क्रिप्टो निघालंय ना, कॉम्प्युटरातलं नाणं, त्याच्या. त्या नाण्याची किल्ली चोरीला गेली की सगळं गेलं. पोलीसही काही करू शकत नाहीत. एकदा ती माझ्याकडे येऊन बसली.

"काका, बँकेच्या तिजोरीला वेळेचं कुलूप असतं ना?"

"असतं. किल्ली फिरवली तरी ती आपल्या वेळेलाच उघडते."

"मग मी तसंच करते."

तिनं काय केलं ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. दार उघडलं की पैसा आधी देवडीत येतो. तिथं दोन दिवस बसून राहतो. तेवढ्यात राखणदारानं बटण दाबलं तर पैसा परत आत. नाही दाबलं, तर आधी ठरवून ठेवलेल्या एकाच ठिकाणी जातो. दुसरीकडे कुठंही नाही. ते ठिकाण मालकालाही बदलता येत नाही. हे सगळं मी पेठेत चार लोकांना समजावून सांगायचो. छाती काढून सांगायचो.

असली पहिली तिजोरी तिनं बापासाठी केली. राखणदार मी. रशीदनं माझ्या हातात एक फोन दिला.

"तुला पटलं न्हाय तर दाबायचं. अन् कुणापाशी बोलायचं न्हाय. नसीमपाशीबी न्हाय."

मला वाचायला त्रास होतो, म्हणून पोरीनं त्या फोनमध्ये रशीदचाच आवाज भरला होता. 'आण्णा, दार उघडतंय. दाबायचं तर दाब.' आणि शेवटी त्याचं ते बारीक खाकरणं. दोन दिवस संपत आले की पुन्हा एकदा आठवण, 'दाबायचं तर दाब.'

फोन मी माझ्या तिजोरीत ठेवला. तिचा मागचा पत्रा मी दुरुस्तीसाठी कापून काढलेला आहे आणि बसवायचा राहिला आहे, म्हणून आत रेंज येते आणि चार्जरची वायरही जाते. हे बाहेर बोलू नका.

रशीद पौषात गेला. झोपेतच गेला. मी खांदा दिला, कबरीत मूठभर माती टाकली. घरी येऊन जेवलो नाही.

आता वैशाख. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर असते, ती आम्हाला ऐकूही येत नाही. त्या दिवशी वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. तेव्हा कळलं शांतता किती मोठी असते. मी पाणी प्यायला तांब्या उचलला.

"आण्णा, दार उघडतंय."

आवाज तिजोरीतून आला. लोखंडाच्या पोटातून, खोल.

"दाबायचं तर दाब." आणि खाकरणं.

आतल्या खोलीत आमची शांता झोपली होती. ती झोपेतच म्हणाली, "रशीदभाई आले वाटतं. चहा टाकू का?" मग उठून बसली. मग दारात आली. आम्ही दोघं त्या तिजोरीकडे बघत राहिलो. तांब्या कधी उपडा झाला कुणाला कळलं नाही.

मी भित्रा नाही. पहिल्यांदा चुकीची किल्ली लावली ती उन्हामुळे. तिजोरी उघडली, फोन घेतला, लाल बटण दाबलं. मेलेला माणूस दार उघडत नाही. म्हणजे चोर. आणि आत पैसा कुणाचा? रशीदच्या बायकोचा. भाभीच्या म्हातारपणाची भाकरी. आता ती राखायला मी एकटा होतो.

दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हाही भर दुपारच. मी दाबलं, टोपी घातली आणि रशीदच्या घरी गेलो. चोरानं त्याचा जुना फोन लांबवला असणार, असा माझा हिशेब. भाभीनं ट्रंक उघडली. फोन रशीदच्या रुमालात गुंडाळलेला होता.

"वो गए तब से बंद है, भैया."

चालू करून बघितला. चालू झाला नाही.

भाभी हळूच म्हणाली, "भैया, उनकी तिजोरी खुली क्या?"

बिचारीला काळजी लागली आहे. मी ताठ उभा राहिलो. "भाभी, मी जिवंत आहे तोवर ती उघडू देणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, किती विश्वास आहे हिचा. भरल्या मनानं घरी आलो.

मग राहिलं कोण? तिजोरी कुणी बनवली? आतली वाट कुणाला माहीत? ज्या पोरीला मी सायकल शिकवली, तिच्यावर माझा संशय गेला. दोन दिवस मी शांताशीही धड बोललो नाही.

आणि तीच दारात आली. शांतानं सरबत दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून नसीम खाली बघत बसली.

"काका, तुम्ही परत का पाठवता?"

सापडली. "काय परत पाठवतो?"

"दोनदा पाठवलंत."

"तुला कसं ठाऊक?"

"मला दिसतं ते."

"दिसणारच. बापाचा आवाज लावून बापाच्या तिजोरीत हात घालतीस?"

तिनं मान वर केली. तोंड उघडलं. आणि तिच्याआधी तिजोरी बोलली.

"आण्णा, दार उघडतंय."

नसीमचे दोन्ही हात पेल्यावर होते. ओठ पांढरे पडले. तिनं तो आवाज पौषानंतर ऐकला नव्हता. खाकरणं झालं तेव्हा ती रडत होती. शांता तिच्या शेजारी जाऊन बसली.

मी म्हणालो, "म्हणजे चोर तू न्हाईस."

"चोर कुणीच नाही, काका. अब्बा महिन्यातून एकदा खूण द्यायचे, मी आहे म्हणून. खूण यायची बंद झाली की काही महिन्यांनी तिजोरी स्वतःच दार उघडते. परत पाठवलं तर थांबून पुन्हा उघडते. त्यांनीच तसं करून घेतलं."

"पण पैसा चोराकडं गेला असता तर?"

"काका, त्यातला पैसा एकाच ठिकाणी जाऊ शकतो. तुम्हीच सगळ्यांना सांगत होता. किल्ली चोराच्या हातात पडली तरी पैसा तिथंच जाणार. मग तुम्ही राखत होता कुणापासून?"

हे मला माहीत होतं, बघा. तोंडपाठ होतं.

"ते ठिकाण कुणाचं?"

तिनं तिजोरीकडे बोट केलं. "आत आहे ना, तो फोन. तुमचा."

लेथ मशीनचे पैसे.

शांतानं डोक्याला हात लावला. "म्हंजे घरच्याच चोराला टपून बसला होता तुमी. दोन वेळा मीच जेवू घालत होते त्याला."

नसीम रडता रडता हसली. मी नाही हसलो. मी विचारलं, "मग मलाच दारावर का बसवलं त्यानं?"

"तुम्हाला न विचारता दिलं असतं तर तुम्ही माफ केलं नसतं, असं म्हणायचे. नाही म्हणायचा हक्क त्याच्याकडेच राहू दे, म्हणायचे. आणि मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. आज मोडली." तिनं पेला खाली ठेवला. "अम्मी रोज विचारते. देणं राहिलं तर माणूस मध्येच अडकून राहतो, असं आमच्यात मानतात. तुम्ही परवा तिला सांगून आलात, जिवंत आहे तोवर उघडू देणार नाही."

तेव्हा कुठं मला भाभीचं रडणं कळलं.

नसीम गेली. बटण माझ्याकडेच होतं आणि दोन दिवस होते. मी कुणाचा पैसा घेत नाही, हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. तिजोरीसमोर खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, माग थांबले, आणि आतून तो शेवटचं बोलला.

"दाबायचं तर दाब."

खाकरणं. मग तो वाट बघत थांबलाय असं वाटलं. खरंच सांगतो, तिजोरीच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं.

मी उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिलो. शांतानं चहा आणून ठेवला. दोन कप आणले होते तिनं, ती मात्र प्यायली नाही.

संध्याकाळी फोन वाजला. पैसे आले होते. रशीदचं देणं फिटलं.