कुठे कुठे बघितलंस?

“कुठे कुठे बघितलंस ते बोल.” ऑफिसात काहीही हरवलं की बाजीचं, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ताईचं, हे पहिलं वाक्य. मग ती ओढणी सावरत खुर्चीतून उठायची आणि टेबलांमधून येरझाऱ्या घालायची. तिला एका जागी बसवणं आमच्या साहेबांना कधी जमलं नाही. तुम्हालाही जमलं नसतं.

धामणकर नाक्यावर, यंत्रमागांच्या कारखान्यावर आमचं ऑफिस. खालच्या लूमनी टेबलं थरथरत असतात. आम्ही गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्याचा कोड ढीगभर फाइलींत विखुरलेला असतो आणि प्रत्येक फाइल सुरुवातीलाच सांगते, मला अमकी फाइल आणून द्या. सगळ्यांचा एक गठ्ठा बांधण्याआधी ती अमकी कुठल्या फोल्डरात आहे ते शोधावं लागतं. हे शोधणारी लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा तयार कोड, बाजीने लिहिली होती.

अशा इतर लायब्रऱ्या ‘सापडली नाही’ म्हणून हात झटकतात. बाजीची मात्र शेजारच्या फोल्डरात बघितलं, मग वरच्या, मग त्याच्याही वरच्या, अशी सगळी हकिगत स्क्रीनवर छापायची.

“एवढं पुराण कशाला?” साहेब वैतागायचे.

“सर, आमच्या मोहल्ल्यात, निजामपुऱ्यात पत्ता विचारून बघा. नाही माहीत बोलून कोण सोडतो का? पुढच्या वळणापर्यंत सोबत येतो.”

हे खरं होतं. पत्ता चुकीचा सांगतील, पण सोबत येतील.

तिच्या अब्बांना विसरायला होत होतं. आपला कारखाना त्यांना आठवायचा, तो विकल्याचं आठवायचं नाही. रोज ड्युटीला निघायचे. बाजी सारखी घरी फोन करायची, “अब्बा घरीच आहेत ना?” आम्ही तिला हसायचो.

एका दुपारी अब्बा घरी नव्हते. त्यांनी गल्लीत कुणाला तरी कारखान्याचा रस्ता विचारला होता. तो बिचारा वळणापर्यंत सोबत गेला, तिथून दुसरा पुढच्या वळणापर्यंत. शेवटच्याने अदबीने शेअर रिक्षात बसवून दिलं. कुठल्या रिक्षात, ते कुणालाच सांगता येईना.

सगळं ऑफिस शोधायला बाहेर पडलं. संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन म्हणाले, “बाजी, नाही सापडले गं.”

“कुठे कुठे बघितलंस ते बोल.”

मी सांगत गेले. जुना कारखाना, तिथे आता गोदाम आहे. मशीद. एसटी स्टँड. दवाखाने. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. नावं संपली तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला रडू आवरेना.

त्यानंतर ती ऑफिसला एकदाच आली. उभ्या उभ्याच काहीतरी टाइप केलं आणि गेली. कधी कल्याणला दिसली म्हणतात, कधी शहापूरला. हातात अब्बांचा फोटो असतो.

परवा माझी एक फाइल सापडेना. स्क्रीनवर नेहमीची हकिगत उमटली, इथे बघितलं, तिथे बघितलं. खाली एक नवी ओळ होती: ‘अजून कुठे बघू?’

साहेब म्हणाले, “ती ओळ काढून टाक.” मी काढली नाही. ती ओळ दिसली की मला बसवत नाही. उठून खिडकीत जाते आणि नाक्यावर रिक्षातून उतरणारी म्हातारी माणसं बघत राहते.