क्रेनवाल्या भाऊंची मिरगी

मी ज्या कारखान्याच्या दवाखान्यात कारकून होतो, तिथे प्रत्येक कामगाराचं एकच कार्ड असायचं. घरातलं कोणीही आजारी पडो, लिहायचं त्याच कार्डावर. नियमात बायको-मुलंच बसत; पण गावाहून आलेल्या भावाला, मामाला परत कसं पाठवायचं? त्यांचं दुखणंही कामगाराच्याच नावावर लिहायचं, ही वाट मीच दाखवत असे.

त्यामुळे क्रेन चालवणाऱ्या एका भाऊंच्या कार्डावर बायकोची बाळंतपणं होती, आईचा मोतीबिंदू होता, मुलाचा डांग्या खोकला होता आणि गावच्या धाकट्या भावाच्या मिरगीच्या गोळ्याही होत्या.

ऐंशीनंतर केव्हातरी कम्प्युटर आला. कार्डं त्यात भरायचं काम माझ्याकडे. पुरुषाचं बाळंतपण यंत्र काही केल्या घेईना. मी भाऊंना स्त्री केलं. मग यंत्राने मुकाट्याने घेतलं.

छापील कागद पाहून नवे डॉक्टर हादरले. मिरगीचा माणूस क्रेनवर? भाऊंना बोलावणं गेलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच 'स्त्री' खोडून 'पुरुष' लिहिलं, बाळंतपणांवर रेघ मारली. मिरगी तेवढी ठेवली.

"साहेब, मले कधी झटका नाही आला," भाऊ म्हणाले. "बाळंतपणं खोडून राहिले, मंग हे काहून ठेवता?"

"मग इतकी वर्षं गोळ्या कोण नेतंय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर त्यांच्या भावाच्या गोळ्या बंद, आणि माझी नोकरी धोक्यात. डॉक्टरांनी मलाच विचारलं.

"कार्डावर नाव त्यांचंच आहे, साहेब," मी म्हणालो.

भाऊंना क्रेनवरून काढून गेटवर बसवलं. वर हुकूम असा, की गोळी रोज कंपाउंडरसमोरच घ्यायची. तो धडधाकट माणूस रोज सकाळी खिडकीशी येई, गोळी जिभेवर ठेवी, पाण्याचा घोट घेई आणि गोळी गालात दाबून निघे. बाहेर गेल्यावर ती रुमालात वाळत घाली. रविवारी रुमाल गावी जाई.

जाताना भाऊ माझ्या टेबलाशी थबकत आणि नुसती मान हलवत. त्यांनी मला कधी एका शब्दानेही दुखावलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. त्यांच्या तोंडात तेव्हा गोळी असायची, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.