उचलठेव

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, आणि ज्या शेकडो लोकांना गोल्फ शिकवला त्यांच्यापैकी एकालाही नाही. तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — नाही जात. पण आता बसलोच आहे, तर सांगून टाकतो.

आधी एक ऐकून घ्या. मी चांगला खेळाडू होतो. खोटी नम्रता कशाला? बल्लारपूरजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीत रोजंदारीवर झाडू मारणारा माणूस व्यावसायिक गोल्फर होतो, देशभर खेळतो, कप आणतो — हे काही कोणाच्या आशीर्वादानं होत नाही. मनगटात जोर होता आणि डोकं थंड होतं. शिवाय माझी आणखी एक ख्याती आहे : मनोहर म्हणजे नियमांचा माणूस. एका स्पर्धेत फटका मारायला उभा राहिलो आणि चेंडू केसभर हलला. कोणीही पाहिलं नव्हतं. मी स्वतः पंचांना बोलावून एक फटका वाढवून घेतला आणि त्या एका फटक्यानंच हरलो. पेपरात कौतुक छापून आलं. ते कात्रण बायकोनं फ्रेम करून बैठकीत लावलंय. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

का, ते सांगतो. त्यासाठी दौलतभाऊ माहीत हवा.

दौलतभाऊ माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. ढिवराचा माणूस, मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकणारा. तलावाचं पाणी कमी झालं तसा कॉलनीच्या मैदानावर कामाला लागला. मी दहावी पास, म्हणून त्याला माझं भारी कौतुक. तो स्वतः शाळेत गेलेलाच नव्हता. आम्ही दोघं मिळून पहाटे मैदान झाडायचो. हिरवळ वगैरे काही नव्हती हो तिथे. भोकाभोवती वर्धेची वाळू आणि गाडीचं जळकं ऑइल कालवून केलेला काळा गोल असायचा, त्याला आम्ही ‘थाळी’ म्हणायचो. त्यावरून ओलं पोतं ओढायचं, की साहेब लोक खेळायला मोकळे. साहेब गेले की त्यांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन आम्ही. मोहफुलं पडायच्या दिवसांत तर जुना पिवळा पडलेला चेंडू कोणता आणि मोहफूल कोणतं, हे वाकून पाहावं लागे.

दौलतभाऊचा फटका — काय सांगू? जाळं फेकताना कमरेतून वळतो ना माणूस, आधी अंग, मग खांदा, मग हात, अगदी तस्सा. कोणी शिकवलं नव्हतं. मला मात्र त्यानं शिकवलं. मी आज जे काही शिकवतो ते सगळं त्याचं आहे. माझ्या नावावर खपतं, एवढंच.

आता ती उचलठेव. आमचं मैदान म्हणजे भेगा, खडे आणि शेण. चेंडू कुठेही अडकायचा. म्हणून तिथे रीत होती — चेंडू उचलायचा, पुसायचा आणि वीतभर अंतरात चांगल्या जागी ठेवून मारायचा. साहेबही तसंच करायचे. आम्ही तिला उचलठेव म्हणायचो. दौलतभाऊनं उचलठेवीशिवायचा गोल्फ कधी पाहिलाच नव्हता.

आमच्या एका साहेबांनी दोघांची नावं हैदराबादला पाठवली. तिथे एका दिवसाची चाचणी होती. जो पहिला येईल त्याला तिथल्या क्लबात शिकवायची नोकरी आणि मोठ्या स्पर्धांत खेळायची वाट मोकळी. जागा एकच. वयाची अट होती आणि दौलतभाऊचं ते शेवटचं वर्ष होतं. मी? मी जेमतेम विशीचा. पुढच्या वर्षी जाऊ शकत होतो, त्याच्या पुढच्याही. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

सकाळी मैदानावर पोचलो. असं एकसारखं कापलेलं गवत दौलतभाऊनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं चप्पल काढून पाय ठेवून पाहिला. पहिल्या होलजवळ एक पाटी होती, इंग्रजीत.

“मनोहर, पाटी वाच न जरा,” तो म्हणाला. “इथी उचलठेव चालते का?”

मी पाटी वाचली. आणि म्हणालो, “चालते, भाऊ.”

झालं. एवढंच. तुम्हाला वाटलं असेल काहीतरी मोठं कारस्थान असेल — रात्र-रात्र जागून रचलेलं? नाही. एका श्वासाचं काम होतं. गोंधळ झाला नव्हता, जीभ घसरली नव्हती. तो माझ्याहून सरस आहे हे मला माहीत होतं आणि तो त्या जागेवर बसलेला मला बघवणार नव्हता. म्हणून म्हणालो.

तो त्या दिवशी काय खेळला! गवतावर त्याचा चेंडू जसा सुटला तसा मी नंतर मोठमोठ्या खेळाडूंचाही सुटताना पाहिला नाही. संध्याकाळी हिशोब झाला तेव्हा तो पहिला होता. मी दोन फटक्यांनी मागे, दुसरा. कार्डावर त्यानं अंगठा उठवला. मग टेबलावरच्या पंचानं त्याला हिंदीत विचारलं, तुम्ही चेंडू हातानं उचलला असं कोणी सांगतंय, खरं आहे का?

लबाड माणूस नाही म्हणाला असता. दौलतभाऊनं मान डोलावली. “हो साहेब, सहा डाव उचलला. साफ पुसून, वीतभरातच ठेवला.” आणि माझ्याकडे बोट दाखवून हसला. “यानंच सकाळी पाटी वाचली. सांग न रे यायले.”

पंचानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं — हो, इंग्रजीत, दौलतभाऊला कळू नये म्हणून — की मी असं काही सांगितलेलं नाही.

त्याचं कार्ड रद्द झालं. जागा मला मिळाली.

परतीच्या गाडीत मी रडलो. खरंच रडलो, नाटक नव्हतं. वहिनीनं बांधून दिलेली तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी उरली होती. दौलतभाऊनं त्यातली मोठी अर्धी माझ्यापुढे केली. “काऊन रडून राह्यला बे?” म्हणाला. “इंग्रजीच ते, चुकते कधी. तुले मुद्दाम थोडीच करायचं होतं.” मी ती भाकर खाल्ली.

कॉलनीत बातमी आमच्या आधी पोचली होती. बेईमान माणूस मैदानावर नको, असं ठरलं, आणि त्याच्या हातातलं पोतं गेलं, काठीही गेली. तो गावी परतला, तलावावर. मी हैदराबादला गेलो. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचं नाव तरी साफ झालं असतं. नाही बोललो. पुढची कितीतरी वर्षं नाही बोललो.

दशक संपता संपता मी पहिला मोठा कप जिंकला आणि कॉलनीनं सत्कार ठेवला. हार, शाल, नारळ, सगळं. मागे दाराशी दौलतभाऊ उभा होता, पळसाच्या पानांत गुंडाळलेला अख्खा मासा घेऊन. कोणी तरी त्याला ओळखलं आणि जुना विषय काढून टोमणा मारला. तो चिडला नाही. हसत हसत सगळ्यांना म्हणाला, “माणूस हिऱ्यावानी आहे आमचा मनोहर. फक्त तवा त्याचं इंग्रजी कच्चं होतं.”

सगळे हसले. मीही हसलो. शालीत हात लपवून हसलो, आणि त्याचा मासा घेतला.

म्हणजे बघा, त्यानं आयुष्यभर मला सांभाळून घेतलं. गावात, नात्यात, पोरींच्या सासरी, जिथे कुठे त्याला चोर म्हणायचे तिथे तो माझ्या कच्च्या इंग्रजीची गोष्ट सांगायचा. मी त्याला ती सांगू दिली. तो गेला तेव्हा मी एका स्पर्धेत होतो. निरोप मिळाला, तरी उरलेले होल खेळून पूर्ण केले. चांगला खेळलो त्या दिवशीही.

माझं इंग्रजी कच्चं नव्हतं. वर्गात पहिला यायचो मी त्या विषयात. पाटीवर एकच ओळ होती : चेंडू जिथे पडेल तिथूनच, जसा पडेल तसाच खेळावा. मी ती पहिल्याच झटक्यात नीट वाचली होती.