मिरचीच्या वाटेवरून परत

तळ्यातला मासा संपला, तशी माझी श्रद्धाही आटत गेली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. पिढ्यान्‌पिढ्या तळ्यावर जगलो. पण तळ्यात गाळ साचला, बेशरमाची झाडं माजली आणि धान निघालं की गाव मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागलं. मुलंही सोबत जायची, परतल्यावर शाळेत बसायला लाजायची. थोरलीची शाळा अशीच सुटली. त्या वर्षी ती बापासोबत पुढे गेली होती. धाकटीला घेऊन मी मागून मजुरांच्या गाडीनं निघाले. निघताना गावदेवी मातामायपुढे डोकं टेकवलं, पण मागितलं काहीच नाही. हिला दिसतच नसेल, तर बोलून काय उपयोग?

वाटेत जंगलातच मला हीव भरलं. अंग थडथडू लागलं. पाण्यासाठी गाडी एका गावाशी थांबली, तिथे एक म्हातारी गोंड बाई बांबू रचत होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरवर ओरडली, "हिले कुठी नेऊन राह्यला? मरून जाईन ना! उतरव इथी."

ती ना माझ्या नात्याची, ना आमच्या देवाची. तरी तिनं मला घरात घेतलं. गावच्या दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं रक्त तपासलं, मलेरिया निघाला. म्हातारीनं गोळ्या वेळेवर दिल्या, आंबील पाजली, धाकटीला गावच्या शाळेत नेऊन बसवलं.

बरी होताना ध्यानात आलं, या गावातून मिरचीला कोणीच जात नाही. मी कारण विचारलं.

"आमीबी जात होतो," ती म्हणाली. "मंग जंगलाचा हक्क भेटला. आता बांबू आमीच तोडतो, आमीच इकतो. सारं ग्रामसभेत ठरते." मग तिनंच विचारलं, "तुमचं तळं कोणाचं हाय, बाई?"

ताप उतरला होता, तरी अंगावर काटा आला. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हातारी बोलली की माताच, ते मला ठाऊक नाही. मी त्यावर वाद घालत नाही.

मी तिथूनच माघारी फिरले. गावात उरलेल्या बायांना घेऊन बेशरम उपटायला लागले. हंगाम संपवून नवरा आला आणि हसला, "बाया काय तळं साफ करतेत?" पण आठवडाभरात तोही चिखलात उतरला. आम्ही मासोळीच्या खाद्याच्या पाणवनस्पती लावल्या, मासोळीचं बीज सोडलं, तळं जिच्या ताब्यात होतं त्या मच्छीमार सोसायटीत भांडून बायांची नावं घातली. पहिलं वर्ष कोरडंच गेलं. दुसऱ्या वर्षी जाळं मासोळीनं भरून आलं.

आता मिरचीची गाडी आमच्या गावात थांबत नाही. थोरली बाहेरून दहावीला बसली आहे. गरिबी कपाळावर लिहिलेली असते, असं आम्ही मानत होतो. चौघीजणी एकत्र आल्या की ते लिहिलेलं पुसताही येतं. मी काही मागितलं नव्हतं. देवानं मला फक्त वाटेत अडवलं, आणि त्या अडवण्यालाच मी कृपा म्हणते.