बिनआवाजाचा फिल्टर

पक्षाघात झाल्यापासून वडील भोकरदनच्या आमच्या घरात दिवसभर माशांच्या टाकीकडे बघत पडून असायचे. आतल्या फिल्टरची घरघर त्यांना सहन होईना, म्हणून मी जालन्याहून टाकीबाहेर ठेवायचा फिल्टर आणला.

"बिलकुल आवाज न्हाई, भाई," दुकानदार म्हणाला होता.

मी नळ्या जोडल्या, नवा स्पंज बसवला आणि जुना कळकट स्पंज फेकून दिला. पाणी काचेसारखं नितळ झालं, पण आठवड्याभरात सगळे मासे मेले.

दुकानदार फोनवर हळहळला. "जुना स्पंज नव्या फिल्टरात टाकायचा होता. माशांची घाण पचवणारे जंतू त्याच्यातच ऱ्हातात."

नवे मासे आणू का, असं विचारलं तर वडिलांनी चालता हात हलवून नको म्हटलं. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात.