पोटुशीने रडायचं नसतं

मला पाचवा महिना लागला होता तेव्हा नामपूरला माझे वडील वारले, आणि मला नाशिकहून कुणी नेलं नाही. पोटुशी बाईने मढं पाहू नये, म्हणाले. बरं बाबा, नका नेऊ. पण घरात रडायचीही सोय नव्हती. डोळे भरले की सासूबाई पदराने पुसायच्या, "बाळावर परिणाम होतो गं, हस बघू." नवऱ्याने बेडरूमच्या भिंतीवर गुटगुटीत, हसऱ्या बाळांची चित्रं चिकटवली. मालिकेत कुणी आजारी पडलं की तो चॅनल बदलायचा. शेजारणी तर विनोद पाठ करूनच यायच्या. सगळी माणसं मायेची, म्हणून तर जास्त राग यायचा. भांडणार कुणाशी? बाथरूममध्ये नळ सोडून रडायला बसले, तर दारावर थाप, "काय गं, बरी आहेस ना?"

आईला फोन लावावा तर तीही टवटवीत. कांद्याचं रोप झकास आलंय, म्हैस व्यायली. बाबांचं विचारलं की म्हणायची, "ते राहू दे, तू जेवलीस का?" हिला काही झालंच नाही की काय, असं मला वाटायला लागलं. त्या रागात मी फोन कमी केले.

सातव्यात डोहाळजेवण घातलं. नवरा गेलेल्या बाईने कसं यायचं, म्हणून आई नको म्हणत होती. सासूबाईंनी हट्टाने बोलावली. झोपाळा, फुलांचे दागिने, बायकांची गाणी. फोटोवाला सारखा, "वहिनी, स्माईल." माझे गाल दुखायला लागले. आई कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होती.

जेवणं सुरू झाली तशी ती मला खोलीत घेऊन गेली, केसांतली फुलं काढायला. दार लोटलं. मी तिच्याकडे न बघता विचारलं, "बाबा कसे गेले ते सांगणार आहेस की नाही?"

तिने काढलेली फुलं बाजूला ठेवली. "रोपाला पाणी देऊन आले. भूक लागली म्हणाले. मी तव्यावर भाकरी टाकली. ती उलटेपर्यंत भिंतीला टेकले, ते टेकलेच." मग म्हणाली, "मी बी अजून रडले नाय गं. सगळे म्हणायचे, पोरीचा फोन आला आन् तुझा आवाज बसलेला असला, तर तिला कळंल तू रडलीस ते."

झालं. गळ्यात पडून आम्ही दोघी जे रडलो, हुंदके दाबायचंही सुचलं नाही. बघते तर दारात सासूबाई. हातात आमची दोघींची ताटं. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आता ओरडा बसणार, असं वाटलं. त्यांनी ताटं टेबलावर ठेवली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आत कुणी जाऊ नका. मायलेकी रडतायत."

बाहेरची गाणी थांबली. थांबू देत, म्हटलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.